गाडी उपाशी कुणी ठेवली?

१

गाडी पुलाच्या ऐन चढावर मेली आणि आत दोन जीव अडकले.

एक गाडीची मालकीण थोरली, तिचा सख्खा भाऊ. त्याला अख्खं घर मामा म्हणायचं. दुसरी मागच्या गल्लीतली शिंपीण. दोघांचीही मूत्रपिंडं थकलेली. एक दिवसाआड दवाखान्यात जायचं, यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, तर पुढचा दिवस आपला. अशा माणसांना भर उन्हात, बंद पडलेल्या व्हॅनमध्ये, मागे हॉर्नचा गोंधळ चाललेला असताना बसवून ठेवायचं म्हणजे काय, हे सांगायला नको. थोरलीची दुसरी गाडी गर्दीतून वाट काढत पोचेपर्यंत शिंपीण निळी पडली होती. मामा निभावला. शिंपीण अतिदक्षता विभागात गेली ती अजून तिथेच होती.

दोन्ही गाड्या विजेवरच्या, दोन्ही थोरलीच्या. नवरा गेल्यावर पदर खोचून तिने हा धंदा उभा केला होता. शाळेची पायरी ती चढली तशीच उतरली, पण तिच्यापुढे बोलायचं तर भलेभले आधी घसा साफ करत. आपल्या गाडीने कुणाचा जीव टांगणीला लागावा, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

दुपारी मामाला घरी आणलं. "किती टक टक करतोस! फरशी फोडशील," थोरली त्याच्यावर खेकसली. एरवी ती अशी खेकसली की तो काहीतरी टोला हाणायचा. आदल्या संध्याकाळीच नव्हता का म्हणाला, "ताई, उद्या राहू दे की, एक दिवस यंत्रालाही सुट्टी मिळेल," आणि तिने "गप बस आणि गोळी घे" म्हणून विषय मिटवला होता. आज मात्र तो काही न बोलता काठी टेकत आपल्या खोलीत गेला. दारात थांबून एवढंच विचारलं, "शिंपीण कशी आहे?"

"आहे," थोरली म्हणाली.

तेवढ्यात दवाखान्याच्या साहेबाचा फोन आला. संध्याकाळी येतोय, सोबत पोलीस असतील, गाडी चालवणाऱ्याला घरीच थांबवा.

गाडी चालवत होता भाचा. मेलेल्या धाकट्या बहिणीचं पोरगं. थोरलीच्या पदराखाली वाढलं, तिच्याच शिव्या खाऊन मोठं झालं. शिंपिणीचं बरंवाईट झालं तर त्याच्या हातात बेड्याच. थोरलीने फोन ठेवला.

"तरी मी सांगत होतो," मुलगा म्हणाला, "हे बिनवायरचं खूळ नको म्हणून."

"तू सांगायचा काय राहिलायस? जन्मल्यापासून सांगतोच आहेस."

खूळ आणलं होतं सुनेने. सून इंजिनियर. तिने शेडच्या जमिनीत एक मोठी तबकडी बसवून घेतली होती, आणि तिची जोडीदारीण गाडीच्या पोटाला. दोघी समोरासमोर आल्या की मध्ये वायर नसतानाही वीज वर चढायची. रात्री गाडी तबकडीवर उभी करायची, सकाळी भरलेली मिळायची. थोरलीने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली होती, "आपल्या विजेच्या शेगडीसारखंच की. वर पातेलं नाही, गाडी ठेवायची." सून म्हणाली होती, "अगदी तस्संच, आई." तेव्हापासून सुनेबद्दल तिचं मत जरा बरं झालं होतं. तोंडाने अर्थात कबूल केलं नव्हतं.

आता तीच सून, ओढून आणलेल्या गाडीखालून धुळीने माखून बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"आई, गाडीत बिघाड नाही. तबकडीतही नाही."

"मग?"

"काल चार्जिंग सुरू झालं होतं. थोड्याच वेळात थांबलं आणि सकाळपर्यंत थांबलेलंच राहिलं." तिने आवाज खाली आणला. "कुणीतरी गाडीला मुद्दाम उपाशी ठेवलंय."

थोरलीने फाटकाकडे पाहिलं. रात्री ते आतून बंद असतं, किल्ली तिच्याच कमरेला. म्हणजे बाहेरचं कुणी नव्हे. मुलगा, सून, भाचा. तिघांतलं एक.

२

भाचा शेडमध्ये उलट्या बादलीवर बसला होता. समोर छताला दोरीने लाल चेंडू टांगलेला. गाडी आत घेताना पुढची काच त्या चेंडूला टेकली की समजायचं, तबकडी बरोबर पोटाखाली आली. तसं गाडीच्या पडद्यावरही हिरवी खूण उमटायची, पण चालकाचा भरवसा पडद्यावर नाही, चेंडूवर.

"वाकडी लावली होतीस का?" थोरलीने उभ्याउभ्या विचारलं.

"नाही मावशी. चेंडू टेकला होता. शपथ."

"शपथ घालू नकोस, मला शपथांची ॲलर्जी आहे."

"खरं आहे त्याचं," मागून सून म्हणाली. "गाडी वाकडी असती तर चार्जिंग सुरूच झालं नसतं. सुरू झालं होतं."

म्हणजे पोराने काम चोख केलं होतं. थोरलीच्या छातीवरचा दगड थोडा हलला. पण पोराची मान वर येईना. लहानपणी दूध सांडून आला की अशीच खाली घालायचा.

"सकाळी निघताना पडद्यावर किती होतं?"

"होतं थोडं."

"थोडं मीठ असतं भाजीत. चार्जिंग किती होतं?"

"कमीच होतं." त्याने बुटाच्या टोकाने जमीन उकरली. "मावशी, मला नका विचारू."

"मग काय त्या चेंडूला विचारू? कमी दिसत होतं तर गाडी काढलीस कशी? आत माणसं आहेत, बटाट्याची पोती नाहीत, हे कळत नव्हतं?"

भाचा रडवेला झाला. मग एकदम म्हणाला, "मी विचारलं होतं निघताना. मला 'जा' म्हणाले."

"कोण म्हणालं?"

त्याची नजर ऑफिसच्या खोलीकडे गेली, आणि त्या खोलीत तिचा स्वतःचा मुलगा बसला होता.

३

मुलाच्या अंगाला सिगारेटचा वास येत होता. थोरली बोलायच्या आधीच तो उठून उभा राहिला. तिने ओळखलं, पाणी इथेच मुरतंय.

"हो, मी म्हणालो जा," तो म्हणाला. "पुलापर्यंतच तर चढ आहे, पुढे उतार. डिझेलच्या दिवसांत काटा तळाला गेला तरी एक फेरी निघायचीच की. मला काय माहीत, ही गाडी शब्द न बोलता मान टाकेल!"

"आणि सकाळपासून हे तोंडात धरून बसलायस? त्या पोराला पोलीस न्यायला येतायत आणि तू मिठाची गुळणी धरलीस?"

"आई, मी घाबरलो."

"घाबर. अजून घाबर. तेवढ्याने भागायचं नाही." तिने त्याचं मनगट धरून त्याला शेडमध्ये नेलं. गाडी आता बाजूला ढकललेली, तबकडी उघडी. तिच्या राखाडी झाकणावर, बरोबर मध्याजवळ, एक गोल काळा डाग होता. "हे काय आहे? इथे बसून सिगारेट विझवलीस की नाही?"

"इथे? गाडीखाली शिरून सिगारेट विझवू? मी टाकीमागे ओढतो, तुला माहीत आहे." मग तो चिडला. चिडलेला माणूस खरं बोलतो, किंवा दुसऱ्याचं उघडं पाडतो. "माझ्या मागे लागलीस, तुझ्या लाडक्या सुनेला विचार की! काल अंधार पडताना ती विजेरी घेऊन गाडीखाली वाकली होती. मी डोळ्यांनी पाहिलं."

नवराबायको एकमेकांकडे पाहीनात. थोरलीला वाटलं, घराच्या भिंतीला आपल्यादेखत तडा जातोय.

"वाकले होते," सून म्हणाली. "चार्जिंग लावायच्या आधी बोका बसला होता तबकडीवर. तिथे ऊब असते ना. त्याला ओढून बाहेर काढला. तबकडीवर जिवंत काही आलं किंवा धातूचं काही पडलं तरी चार्जिंग आपोआप थांबतं. नाहीतर लोखंड तापेल, आग लागेल. थांबलं की भोंगा वाजतो. आपण येऊन अडथळा काढायचा."

भोंग्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. सुरुवातीला तो शेडमध्येच होता. बोका पठ्ठ्या रोज जाऊन बसायचा, भोंगा बोंबलायचा, गल्ली जागी व्हायची, आणि सकाळी सगळी गल्ली थोरलीच्या दारात. शेवटी मामा म्हणाला, "माझ्या खोलीत लावा. मला झोप येतेच कुठे? वाजला की मी दार ठोठावीन." तेव्हापासून भोंगा मामाच्या उशाशी होता, आणि त्याला गप्प करायचं बटणही तिथेच.

"मग काल रात्री का नाही वाजला?"

"मामा म्हणतात, वाजलाच नाही." सुनेचे डोळे भरून आले. "म्हणजे भोंगा बिघडला असणार. मीच बसवला होता. आई, तसं असेल तर चूक माझी आहे. येऊ देत पोलीस, मी सांगेन त्यांना."

"पोलिसांना सांगायची एवढी घाई करू नकोस. आधी बघ तरी."

सुनेने गाडी पुन्हा जागेवर ढकलून घेतली, चार्जिंग सुरू केलं, स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणली आणि तबकडीवर सरकवली.

मामाच्या खोलीतून असा भोंगा उठला की झाडावरचे कावळे उडाले.

भोंगा धडधाकट होता. तबकडी धडधाकट होती. सून वाकली, वाटी काढली, आणि जाता जाता तिने त्या काळ्या डागावर नख ओढलं. "ही राख नाही, आई. चिवट आहे. रबर वितळल्यासारखं."

थोरलीने मामाच्या खोलीकडे पाहिलं. ती मोजणीत चुकली होती. घरात तिघे नव्हते.

४

मामाच्या खोलीला एक दार घरात, एक शेडमध्ये. मोरीतून तो परत येत होता. टक. टक. टक. थोरली पलंगाच्या कडेला बसली आणि ऐकत राहिली. हा माणूस आयुष्यभर टपाल वाटत फिरला. कुत्री अंगावर आली तरी थांबला नाही. आणि आता मोरीपासून पलंगापर्यंतची वाट त्याला परगाव झाली होती.

"शिंपिणीचं काही कळलं?" त्याने पुन्हा विचारलं.

"सकाळपासून किती वेळा विचारशील? तुझी कोण लागते ती?"

"शेजारच्या खुर्चीवर असते," तो म्हणाला. "माझ्या शर्टाची बटणं लावून दिली तिने. यंत्रावर बसल्या बसल्या, एका हाताने."

थोरलीने विषय फिरवला. "काल रात्री काही ऐकलंस?"

"ऐकलं की. तुझा लेक टाकीमागे खोकला. सुनेच्या चपला वाजल्या. भाचा फोनवर कुणाला तरी 'रागावू नकोस ना' म्हणत होता, लग्नाचं बघ आता त्याच्या. बोका कुंपणावर भांडला."

"कान शाबूत आहेत म्हणायचे."

"तेवढेच उरलेत."

"आणि भोंगा?"

मामा काठीकडे पाहू लागला. "वाजला नाही."

"बोका कुंपणावर गुरगुरलेला ऐकू येतो आणि उशाशी ठणाणा करणारा भोंगा ऐकू येत नाही?"

थोरलीने हात पुढे केला, त्याच्या मांडीवरची काठी उचलली आणि उलटी केली. पोलादी नळीची काठी. तिच्या टोकाला काळं रबर असायचं, म्हणून ती आजवर कधी वाजली नव्हती. आता रबर नव्हतं. नळीच्या उघड्या कडेला वितळून थिजलेली काळी कड तेवढी चिकटली होती.

काखेत कळसा आणि ती दुपारभर गावाला वळसा घालत होती.

"वाकता येत नाही म्हणून काठी सरकवलीस," ती हळू म्हणाली. "घरात बाकी कुणी असतं तर वाकून हातानेच काहीतरी ठेवलं असतं. भोंगा वाजताच बटण दाबलंस. काठी रात्रभर तिथेच ठेवलीस आणि पहाटे सगळे उठायच्या आत ओढून घेतलीस. सून म्हणते, यंत्र थांबलं तरी मधून मधून पुन्हा सुरू होऊन बघतं. तेवढ्यात काठी तापली आणि रबर गेलं. बरोबर?"

मामाने डोळे मिटले.

"का रे?" तिचा आवाज फुटला. "मरायचं होतं तुला?"

तो उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच फाटकाची कडी वाजली.

५

साहेबाच्या हातात फाईल, मागे दोन पोलीस. भाचा आपणहून पुढे आला होता. त्याच्या पायात नवे बूट होते. कुठेतरी लांब जायचं असल्यासारखे त्याने ते घातले होते. मुलगा त्याच्यापुढे आडवा उभा राहून सांगत होता, "जा मी म्हणालो, माझं नाव लिहा." सून म्हणत होती, "यंत्र मी बसवलं." साहेब वैतागला. "एकाने बोला. गाडी चालवत कोण होतं?"

"मी," भाचा म्हणाला.

पोलिसाने त्याच्या दंडावर हात ठेवला.

थोरली उंबऱ्यात उभी होती. एका बाजूला पोरगं, एका बाजूला भाऊ. आयुष्यात तिला शब्द शोधावा लागला नव्हता, आज शोधावा लागत होता. बोलली तर आजारी भाऊ जातो. नाही बोलली तर चोर सोडून संन्याशाला सूळ. शिंपीण तिकडे श्वास मोजत पडलेली, ती वेगळीच.

"हात काढा त्याच्यावरचा," ती म्हणाली. "त्याने गाडी नीट लावली होती. गाडीला घरातल्याच माणसाने उपाशी ठेवलं. कोणी, ते मला कळलंय. पण मी नाव घेणार नाही." तिने मागे वळून पाहिलं नाही. "तो स्वतः सांगेल. पायांनी लंगडा झाला असेल, मनाने नाही."

कुणालाच काही कळेना. साहेब फाईल मिटू की उघडू अशा बेतात.

आणि घरातून आवाज आला. टक. टक. टक.

मामा भिंतीचा आधार घेत शेडपर्यंत आला. भाच्याने धावत बादली आणली, पण तो बसला नाही.

"साहेब, काठी माझी," तो म्हणाला. "मीच सरकवली गाडीखाली. मरायचं नव्हतं मला. एकच दिवस जायचं नव्हतं." त्याला धाप लागली. "आयुष्यभर लोकांचं टपाल वाटलं. आता मीच टपाल झालोय. उचलायचं, गाडीत टाकायचं, पोचवायचं, परत आणायचं. टपालाला कुणी विचारतं का, जायचंय का म्हणून? वाटलं, सकाळी गाडी सुरूच होणार नाही. शिंपीण दुसऱ्या गाडीने जाईल, मी खिडकीत बसून राहीन. पण गाडी सुरू झाली. मला वाटलं, डाव फसला. गुपचूप बसलो. पुलावर तिचा श्वास लागला तेव्हा कळलं मी काय केलं ते. तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ उचलली नाही. या पोराला सोडा."

साहेबाने त्याच्याकडे पाहिलं, मग पोलिसांकडे. भाच्याच्या दंडावरचा हात कधीच गळून पडला होता. "लिहून तर घ्यावं लागेल," साहेब खालच्या आवाजात म्हणाला. "तुमचं, आणि 'जा' म्हणणाऱ्या या गृहस्थांचंही. पुढचं त्या बाईंच्या तब्येतीवर."

लिहून घेणं चाललं असतानाच त्याचा फोन वाजला. पडद्यावर दवाखान्याचं नाव होतं. मामाने भाच्याचं मनगट इतकं घट्ट धरलं की पोराच्या तोंडून 'आई गं' निघालं. साहेब ऐकत राहिला. हूं म्हणाला. पुन्हा हूं म्हणाला. थोरलीला वाटलं, या माणसाच्या मुस्कटात मारावी.

"शुद्धीवर आल्या," तो म्हणाला. "धोका पूर्ण टळलेला नाही. पण बोलतायत. त्यांची पिशवी गाडीत राहिलीय, आत कात्री आहे, कुणी हात लावला तर बघून घेईन म्हणाल्या."

मामा बादलीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्या रात्रीपासून भोंगा थोरलीच्या उशाशी आला. कुणी सांगितलं नाही, तिनेच हलवून घेतला.

पुढच्या खेपेच्या सकाळी ती मामाच्या दारात उभी राहिली. एरवी आत शिरून ती पांघरूण ओढायची आणि "ऊठ" म्हणायची. आज दारातच थांबली. हा प्रश्न तिने आयुष्यात कुणाला विचारला नव्हता, त्यामुळे तो नीट विचारताही येईना.

"जायचं का?"

मामा तिच्याकडे बघत राहिला. "मला विचारतेयस?"

"नाही, बोक्याला. कान गेले का तुझे? आधी भोंगा ऐकू येईना, आता मीही?"

तो हसला नाही. बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसला. शेडमध्ये गाडी भरून उभी होती, भाचा काच पुसत होता. थोरली थांबली. नाही म्हणाला तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि न ठाऊक असण्याची तिला सवय नव्हती. तरी थांबली.

"शिंपिणीला तोंड दाखवायचंय," शेवटी तो म्हणाला. "तिची पिशवीही द्यायची आहे. आज जाऊ. पुढच्या वेळचं पुढच्या वेळी विचार."

"विचारीन."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर भांडेन," थोरली म्हणाली. "पण विचारीन."

मामा उठला. भाच्याने काठीला नवं रबर बसवून दिलं होतं, त्यामुळे ती वाजत नव्हती. पण गाडीपर्यंत थोरली त्याच्या एका एका पावलाला कान देऊन चालत होती.